एक घर म्हणजे पाच फूट

कारखाना मोडला तेव्हा नायनानं
माग दिले, धोटे दिले,
जॅकार्डच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळासुद्धा
किलोवर दिल्या.
ग्राफचे कागद तेवढे ठेवले.
चार गठ्ठे, कडा चहात बुडवल्यासारख्या,
चादरीच्या काठानं बांधून पलंगाखाली.

त्यातलाच एक आता माझ्यापुढं आहे.
इथं मोर उतरणार होता, डबलबेडच्या मधोमध.
शिसपेन्सिल मानेपर्यंत येऊन थांबलीय.
मी त्या मानेची नदी केली.

विरेशचा फोन होता:
रविवारला एक भुयार पाहिजे,
सहा-सात खोल्या, एक सापळा,
तळाशी ड्रॅगन, पण म्हातारा,
पंख धरलेले, बोलायला बरा.
नकाशा पोस्टकार्डाएवढाच कर बरं का,
टेबलावर फाशांना जागा लागते,
शेंगाचटणीच्या वाटीला लागते,
तबस्सुमच्या कोपरांना तर लागतेच.

सूचिपर्णी झाडं मी पाहिलेली नाहीत,
माझ्या जंगलात बाभळी येतात.
जादूगाराचा मनोरा काढायला घेतला
की वर जाता जाता निमुळता होतो
आणि गिरणीची चिमणी दिसायला लागते.
किल्ला भुईवरच बसतो, खंदकाशेजारी.
डोंगर जमत नाहीत. इथं नजरेला
आडवं यायची कशाची सवयच नाही.
पाणी मात्र सोपं:
तीन नागमोडी रेघा, झालं तळं.
घरात ते पाचव्या दिवशी येतं, पहाटे साडेतीनला,
तेव्हा पेनाला टोपण लावून
मी घागरी भरते, आणि परत येऊन
त्याच बोटांनी तळ्याला एक रेघ वाढवते.

‘काय काढालीस अम्मा?’
नायना कधी मागं येऊन उभा राहिला कळलं नाही.
भुयार, म्हटलं.
‘रिपीट कुठंय?’
रिपीट नसतो यात. पुढं गेलं की सगळं नवीन.
‘मग विणणारा पागल होईल की.’
विणायचं नसतं नायना, आत जायचं असतं.
एक घर म्हणजे पाच फूट.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
चाळीस वर्षं त्याचं एक घर
म्हणजे एक धागा वर, एक धागा खाली.
नखानं मोजत मोजत तो
पहिल्या खोलीतून दुसरीत गेला,
सापळ्यावरून सरळ चालत गेला, मेला नाही,
आणि तिसऱ्या वळणावर थांबला.
‘हा बोळ एक घर कमी पडतोय.
दार उघडलं तर भिंतीला घासंल.’

घासत होतं.
ब्लेडनं खरवडून भिंत मागं घेतली.

सहाव्या खोलीला दोन रात्री लागल्या.
तिथं मी एक माग ठेवला, तांदळाच्या दाण्याएवढा,
त्यावर अर्धा विणलेला मोर,
आणि कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं
सरकलेलं स्टूल.
भिंग लावलं तर दिसतं. नाहीतर डाग.

रविवारी कोणी तिकडं गेलंच नाही.
लक्ष्मीपती, रात्रपाळी करून आलेला, लाल डोळ्यांचा,
तलवार ठेवून म्हणाला,
‘मी त्याला कडक भाकरी देतो बे.’
विरेश म्हणाला, फेक फासा.
फासा वाटीला आपटला, टेबलाखाली गेला,
तबस्सुम मोबाइलची बॅटरी लावून वाकली.
वीस!
ड्रॅगन बराच वेळ चावत राहिला, म्हणे,
दात नाहीत, पण चव आहे.
मग त्यानंच मागचा रस्ता दाखवला
आणि सगळे दुरुस्त केलेल्या बोळातून
हसत बाहेर पडले.
सहावं दार माझ्या बोटापासून दीड इंचावर होतं.
नकाशा काढणाऱ्यानं बोलायचं नसतं.

‘काय म्हणाले?’ रात्री नायनानं विचारलं.
आवडलं. एक खोली राहिली, म्हटलं. मागाची.
तो बल्बखाली नकाशा धरून बघत राहिला,
मग म्हणाला, ‘पुढच्याला लाव ती.
डिझाइन वाया घालवायची नसते.’
आणि गुडघ्यावर हात टेकून,
पलंगाखाली वाकून,
दुसरा कागद ओढून दिला.
त्यावर कुणाचीतरी कमळं होती, तीन तीन पाकळ्यांची,
एका कोपऱ्यात दर लिहिलेला, खोडलेला, परत लिहिलेला.